आठ दिवसांनी

तिकीट क्रमांक चार हजार एकशे सोळा:
‘फ्रेंच तारखा पुढे पडतात.’
लिहिणारी ओदिल, लीयों शहरातली. दाताच्या डॉक्टरची वेळ
मंगळवारची होती, आमच्या कॅलेंडरने
ती बुधवारी नेऊन ठेवली.
दाढ अजून ठणकतेय, असंही खाली लिहिलंय.

साकीनाका, सातवा मजला. मी कोड उघडते.
ऊईत झूर. आठ दिवस.
कोणीतरी प्रामाणिकपणे आठ मिळवलेत.
कँझ झूर. पंधरा. तिथेही पंधराच.
तन्वीर काझी, आमचा टेस्टर, खुर्ची ओढत येतो:
‘आठ म्हणजे आठ ना गं? बग कुठाय?’

भांडुपच्या पालिकेच्या दवाखान्यात, तन्वीर,
आईच्या साखरेच्या वहीपाशी.
मंगळवारची ओपीडी. गायतोंडे डॉक्टरीणबाई
मान वर न करता म्हणायच्या, ‘आठ दिवसांनी या,’
आणि सगळा बाक
पुढच्या मंगळवारी त्याच बाकावर, त्याच क्रमाने.
एकही म्हातारी बुधवारी आली नाही.
मोजताना आजचा दिवसही धरायच्या त्या,
उठण्याआधीच एक बोट मुडपलेलं.
आठवडा म्हणतो आपण.
सात कुठे ऐकू येतात त्यात?

तन्वीर ओठ हलवत मोजतो. मग हसतो.
‘जुम्मा जुम्मा आठ दिन,’ म्हणतो,
‘माझी नानी. आणि मी इंजिनियर.’

आठ खोडून सात. पंधरा खोडून चौदा.
बाजूला शेरा: हे चूक वाटेल. दुरुस्त करू नये.

बाकीचं मला सोपं जातं.
पावणेआठला ते म्हणतात, आठ, पाव कमी.
दुपारच्या साडेबाराला, मध्यान्ह आणि अर्धा.
‘मार’ हा वार की महिना, ते
शेजारी कोण बसलंय त्यावरून ओळखायचं.
महिन्यात एकच तारीख ‘पहिली’,
पुढच्या सगळ्या नुसत्या दोन, तीन, चार, एकतीस.
पगाराच्या दिवसाला हा मान, हे पटतं.

खाली जोडरस्त्यावर मेट्रोच्या खांबाला
सळ्या बांधतायत. पत्र्यावर पाटी:
‘काम लवकरच पूर्ण होईल.’
लवकरच. ह्याच्यासाठी
कुठल्याच भाषेत फंक्शन लिहिलेलं नाही.

साडेसहाला टेबलावर फोन थरथरतो. आई:
‘परवा दवाखाना’

एवढंच. पुढे टिंबसुद्धा नाही.

फ्रेंचांकडे दोन शब्द आहेत,
आवाँतियेर आणि आप्रे दमँ,
एक मागच्या दाराला, एक पुढच्या.
आपला परवा एकटाच,
दोन्हीकडे उघडणारा. गेले की जायचंय
हे सांगायचं काम क्रियापदाचं,
आणि ते टाईप करायचा आईला कंटाळा.

गेली असेल का एकटीच, कठडा धरत,
तीन मजले, मग रिक्षाला हात करत उभी?
की रजा टाक, असं
न सांगता सांगतेय?

मागच्या परवाला मी इथेच होते.
रात्री दहापर्यंत
फ्रेंच महिन्यांची पहिली अक्षरं लहान करत होते,
कारण ते जानेवारी मोठ्या अक्षराने लिहीत नाहीत
आणि ओदिलला ते खुपत होतं.
फोन सायलेंटवर होता. म्हणजे, मी ठेवला होता.

टेस्ट संपतात. एकशे ब्याण्णव, सगळ्या हिरव्या.
‘ह्यात मराठी कधी घेणार आपण?’
तन्वीर बॅगेची चेन लावत विचारतो.

मी त्याला हाताने थांब म्हणते.
रिंग जातेय.